दुहेरी कुलूप

लक्ष्मणराव थूल यांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच्या गुणांमध्ये धरत. एकतीस वर्षं उपकोषागारात काढलेल्या माणसाला ते शोभतंही. कोणत्या तालुक्याच्या ते सांगत नाही, कारण तिथली मंडळी अजून नोकरीत आहेत. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या आपल्या घराच्या फाटकाला कुलूप घातलं की ते दोनदा ओढून पाहत, आत जाऊन परत येत आणि तिसऱ्यांदा ओढत. हे दिवसाचं, घरात सगळी माणसं असताना.

अशा माणसाला ज्येष्ठ नागरिक मंडळाने 'मोबाईलची सुरक्षा' या विषयावरच्या व्याख्यानाला बोलावलं, ही चूक मंडळाची. सप्टेंबरातली दुपार होती. कॉलेजातल्या सरिता मॅडम बोलायला आल्या होत्या आणि चांगलं बोलत होत्या. जन्मसाल हा पासवर्ड ठेवू नका, अनोळखी फाइल उघडू नका, आलेला ओटीपी कोणाला सांगू नका. चाळीस ज्येष्ठांपैकी निम्मे चहाच्या वाटेकडे डोळे लावून होते आणि उरलेल्यांना जन्मसाल सोडून दुसरा कोणताच आकडा पाठ नव्हता. शेवटी मॅडम म्हणाल्या की एक कुलूप पुरत नाही, दुहेरी पडताळणी लावा, आणि दोन्ही किल्ल्या एका जागी ठेवू नका. त्याबरोबर लक्ष्मणराव खुर्चीतून उठून उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा नवं काही शिकवायला आलेल्या माणसाने त्यांचंच जुनं काम त्यांना सांगितलं होतं.

कोषागाराच्या तिजोरीखोलीला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसऱ्याची रोखपालाकडे. दोघंही हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. एकाची नियत फिरली तरी दुसऱ्याचीही त्याच दिवशी फिरणार नाही, एवढा विश्वास सरकार माणसावर ठेवतं. जादाच्या किल्ल्या पाकिटात घालून, त्यावर लाखेची मोहर मारून वेगळ्या ठिकाणी ठेवतात. हे सगळं लक्ष्मणरावांनी तिथल्या तिथे उभ्याने वीस मिनिटं सांगितलं. मॅडम मधेच म्हणाल्या की काका, फोनमध्ये ते थोडं वेगळं असतं, दोन्ही किल्ल्या तुमच्याच असतात. पण तोवर चहा आला होता आणि ते वाक्य चहात गेलं. मंडळाने टाळ्यांच्या गजरात लक्ष्मणरावांना सायबर सुरक्षा समितीचे अध्यक्ष केलं. समितीत दुसरं कोणी नव्हतं.

घरी येऊन अध्यक्षांनी काम सुरू केलं. फोनमधल्या गोष्टी आपोआप कुठेतरी दूर साठवल्या जातात हे कळल्यावर त्यांनी ते आधी बंद केलं. आपला माल लोकांच्या गोदामात कशाला, हा साधा हिशेब. मग बोटाचा ठसा बंद केला. त्यामागचं कारण त्यांनी बायकोला, म्हणजे प्रमिलाबाईंना, समोर बसवून समजावलं. माणूस उन्हाळ्यात दुपारी कूलरपुढे घोरत पडलेला असतो. अशा वेळी कोणीही येऊन त्याचा अंगठा उचलून फोनला लावला तर? माणूस जागाही होणार नाही आणि फोन साफ. प्रमिलाबाईंनी हे ऐकून घेतलं आणि दूध उतू जाईल म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं, पण अध्यक्षांचं तिकडे लक्ष नव्हतं. प्रमिलाबाईंच्या फोनची तर दर रविवारी दहा वाजता तपासणीच होई. काय आलं, काय गेलं, कोणाला पाठवलं. त्याची वहीसुद्धा होती.

खरी गोष्ट पुढेच आहे. लक्ष्मणरावांच्या फोनमध्ये एक बंद कप्पा होता, ठसा बंद केल्यापासून फक्त वेगळ्या आकड्यांनी उघडणारा. त्याला ते तिजोरी म्हणत. तिजोरीत पेन्शनचे कागद, घराची सातबारासारखी जपलेली पावती, आणि सतरा मिनिटांचा एक आवाज होता. त्यांच्या आईचा, आनंदाबाईंचा. चार वर्षांपूर्वीच्या थंडीत म्हातारी अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती आणि स्वतःशीच गात होती. शेतातल्या निंदणाची गाणी, बाबासाहेबांची गाणी, मधेच शेजारणीची एक चहाडी, मग पुन्हा गाणं. लक्ष्मणरावांनी फोन तिच्यापाशी नेऊन ते सगळं टिपून घेतलं. गेल्या जानेवारीत आनंदाबाई गेल्या. तेव्हापासून तो आवाज जगात फक्त या एका फोनमध्ये आहे, असा त्यांचा हिशेब होता. पुण्याला नोकरी करणारी त्यांची मुलगी अपेक्षा तो तीनदा मागून थकली. प्रमिलाबाईंनीही मागितला होता. लक्ष्मणरावांचं उत्तर ठरलेलं होतं, की एकदा पाठवलं की ते गावाचं झालं, कोणीही काहीही करेल. कोणी काय केलं असतं हे त्यांना सांगता येत नसे, पण तिजोरीत ठेवण्याजोगी वस्तू बाहेर काढायची नाही एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. आईवर त्यांचा जीव होता आणि ज्यावर जीव आहे ते कुलपात ठेवायचं, याखेरीज दुसरी रीत त्यांना येत नव्हती.

तर या तिजोरीला त्यांनी आठ आकड्यांचं कुलूप लावलं. पहिले चार आकडे त्यांचे. शेवटचे चार दुसऱ्या किल्लीवाल्याचे, आणि हा किल्लीवाला म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारे पुंडलिकराव इखार. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले हेडमास्तर, म्हणजे आकड्यांच्या बाबतीत याहून खात्रीचा माणूस बोरगावात सापडणं कठीण. लक्ष्मणरावांनी आपले चार टाकले तेव्हा मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरांनी आपले टाकले तेव्हा लक्ष्मणराव. एका पानावर दोघांच्या सह्या झाल्या. पंधरा वेळा चुकीचे आकडे पडले तर कप्पा आपोआप रिकामा व्हावा, ही सोयही लक्ष्मणरावांनी मोठ्या हौसेने लावून घेतली. मग नियमाप्रमाणे जादाची किल्ली. एका कागदावर आकडे लिहून तो पाकिटात घातला, गॅसवर लाख वितळवली आणि पाकिटावर मोहर मारली. प्रमिलाबाईंचा एक चमचा कायमचा गेला. पाकीट कपाटाच्या खणात विसावलं आणि लक्ष्मणराव सात वर्षांत झोपले नव्हते इतके शांत झोपले.

नोव्हेंबरात पुंडलिकरावांच्या नातीचं, आचलचं, बारसं निघालं. मास्तरांनी हौसेने रंगीत पत्रिका करवून वसाहतीच्या व्हॉट्सॅप गटावर टाकली. आता गटाचे प्रमुख कोण, तर लक्ष्मणराव. पत्रिकेच्या नावाखाली चोर फाइल पाठवतात हे त्यांनी व्याख्यानात ऐकलं होतं. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी गटावर लिहिलं की सावधान, सदर पत्रिका कोणीही उघडू नये, पाठवणाऱ्याचा फोन बहुधा चोरांच्या ताब्यात गेलेला आहे. एवढं करून ते थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी पुंडलिकरावांना गटातून काढलं, त्यांचा नंबर बंद केला आणि खबरदारी म्हणून त्यांच्या बायकोचा, रुख्मिणीबाईंचाही बंद केला. भिंतीवरून एक हाक मारली असती तर सगळं कळलं असतं. पण ज्याचा फोन चोराच्या ताब्यात आहे त्याच्याशी भिंतीवरून बोलणं कितपत सुरक्षित, हे व्याख्यानात सांगितलं नव्हतं.

दीडशे माणसांचा स्वयंपाक झाला होता. बावीस आले. त्यातल्या सात जणांकडे फोनच नव्हता म्हणून आले. बुंदीची परात संध्याकाळपर्यंत तशीच भरलेली होती. सकाळी मांडव दिसला तेव्हाच लक्ष्मणरावांना आपली चूक कळली होती, पण तोवर उशीर झाला होता. संध्याकाळी पुंडलिकराव भिंतीपाशी आले, फक्त एवढंच म्हणाले, "पोरीच्या पाळण्यापाशी गाणं म्हनासाठी चार बाया भेटल्या नाई, लक्ष्मणराव," आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी बोलणं टाकलं.

लक्ष्मणरावांना वाईट वाटलं नाही असं नाही. खूप वाटलं. दोनदा ते फाटकापर्यंत जाऊनही आले. पण त्याच आठवड्यात मंडळाने सावधगिरीबद्दल त्यांना शाल आणि नारळ दिला, आणि अंगावर शाल असताना माफी मागायला जाणं कसं दिसतं? शाल घडी करून ठेवली तेव्हा वेळ निघून गेली होती. पुढे ते स्वतःला असंही सांगू लागले की चूक झाली ती सावधपणाने झाली, बेसावधपणाने नव्हे, आणि कोषागारात अशा चुकीला ठपका बसत नाही.

डिसेंबर सरत आला तेव्हा अपेक्षाचा फोन आला. आजीचा पहिला स्मृतिदिन जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, ती चार दिवस रजा घेऊन येणार, नातेवाईक जमणार, विहारातून भंतेजी येणार. आणि वंदना झाल्यावर आजीचा आवाज सगळ्यांना ऐकवायचा. "बाबा, आता तरी नाई म्हनू नका," ती म्हणाली. लक्ष्मणरावांचंही मन भरून आलं. ते म्हणाले, ऐकवू. फोन ठेवला, तिजोरी उघडायला घेतली, आपले चार आकडे टाकले आणि पुढच्या चार रिकाम्या चौकटींकडे पाहत बसले.

आता दुसरा कोणी असता तर त्याने त्याच पावली शेजारचं फाटक वाजवलं असतं. लक्ष्मणरावांनी अंदाज करून पाहिले. मास्तरांचं जन्मसाल, त्यांच्या शाळेच्या स्थापनेचं साल, स्कूटरचा नंबर. अकरा चुका झाल्यावर पंधराव्या चुकीचं काय होणार ते त्यांना आठवलं आणि त्यांनी फोन खाली ठेवला. उरले चार. अध्यक्षांच्या फोनची ही अवस्था आहे हे कोणाला कळून चालणार नव्हतं, घरातही नाही. म्हणून ते बाजारातल्या अनुपच्या मोबाईल दुकानात गेले आणि एका ओळखीच्या माणसाचा फोन आहे असं सांगितलं. अनुपने फोनवरचा अध्यक्षांचा फोटो पाहिला, पण तो सभ्य माणूस. त्याने सांगितलं की आकडे विसरलात तर नोंदवलेल्या नंबरवर फोन येतो आणि नवा आकडा मिळतो. नंबर कोणता नोंदवलाय? लक्ष्मणरावांना लगेच आठवला. त्यांनी नोंदवला होता आपल्या जुन्या कचेरीचा टेबलावरचा फोन. मोबाईल हरवतो, माणूस मरतो, कचेरी कुठे जात नाही, असा त्यांचा तेव्हाचा विचार होता.

कचेरी कुठे गेली नव्हती. फोन गेला होता. त्यांच्या जुन्या टेबलावर आता अश्विन नावाचा तरुण कारकून बसत होता. त्याने सांगितलं की ती लाइन चार वर्षांपूर्वीच बंद झाली. फोनचं यंत्र मात्र होतं, पंख्याच्या वाऱ्याने फायली उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेलं. लक्ष्मणरावांनी उगीचच रिसीव्हर उचलून कानाला लावला. मग त्यांनी विचारलं की लाइन एका दिवसापुरती सुरू करता येईल का. अश्विनने नियमाप्रमाणे लेखी अर्ज मागितला. एकतीस वर्षं लोकांकडून लेखी अर्ज मागितलेल्या माणसाने मुकाट्याने कागद घेतला. विषय काय लिहायचा याचा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि शेवटी खरं तेच लिहिलं. विषय: आईचा आवाज मिळणेबाबत. अश्विनने तो वाचला, मान खाली घातली आणि आवकचा शिक्का मारला.

मग लखकन पाकीट आठवलं. जादाची किल्ली. इतके दिवस हे सुचलं कसं नाही म्हणून लक्ष्मणरावांनी बसमध्येच कपाळावर हात मारला, घरी येऊन खण उघडला, आणि खणात पाकीट नव्हतं. खण कसला होता, तर आहेराच्या पाकिटांचा. प्रमिलाबाईंना विचारलं तेव्हा त्यांना बराच विचार करावा लागला. लग्नसराईत त्यातली पाकिटं जातच असतात.

"एक पाकीट जड लागलं होतं हाताले," त्या म्हणाल्या. "मले वाटलं रुपया चिकटवलेला हाय वरून. म्या ते हिंगणघाटच्या गुलाबरावच्या पोराच्या लग्नात देल्लं."

लक्ष्मणराव खाली बसले. लाखेच्या मोहरेला रुपया समजणारी बाई आपल्याच घरात असेल, याची तरतूद कोषागाराच्या कोणत्याही नियमपुस्तकात नव्हती. पाकिटात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, महत्त्वाचा कागद एवढंच म्हणाले. गुलाबराव हे प्रमिलाबाईंच्या मावसबहिणीचे यजमान, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या हिंगणघाटच्या बसमध्ये प्रमिलाबाईही होत्या. दिलेला आहेर परत मागायला जायचं म्हणून सोबत बदली आहेर होता, आणि त्याचं कारण काय सांगायचं यावर नवराबायकोत वर्ध्यापासून हिंगणघाटपर्यंत एकमत झालं नाही.

सांगायची वेळ आलीच नाही. थुलांचं नाव ऐकताच गुलाबरावांचा चेहरा उतरला. त्यांनी ते पाकीट उघडलंच नव्हतं. लाखेची मोहर पाहून त्यांना वाटलं की कोर्टाचं काहीतरी आहे. जुन्या शेतीच्या वाटणीत थुलांनी आपल्यावर दावा ठोकला आणि निर्लज्जपणे लग्नातच नोटीस दिली, असं ते महिनाभर धरून चालले होते. एक वकीलही गाठून झाला होता. त्याने सांगितलं की मोहर तोडू नका, तोडली तर मिळाल्याचं सिद्ध होतं. म्हणून पाकीट कपाटावर, पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप. जपण्याच्या बाबतीत लक्ष्मणरावांना तोडीस तोड माणूस भेटला होता.

पेटी खाली आली. घरातली नऊ माणसं गोल बसली. लक्ष्मणरावांनी मोहर तपासली, ती शाबूत होती, आणि ही गोष्ट त्यांनी सगळ्यांना दाखवलीसुद्धा. मग ती फोडली आणि कागद उलगडला. कागदावर चार आकडे होते. त्यांचे स्वतःचे चार.

नियमच तो. ज्याने त्याने आपापल्या किल्लीची जादाची प्रत मोहरबंद करायची. दुसऱ्याच्या किल्लीचा आकडा आपल्याला माहीत असणं म्हणजे दुहेरी कुलपाचा मुडदा पाडणं. लक्ष्मणरावांनी नियम तंतोतंत पाळला होता. जे चार आकडे ते झोपेतही सांगू शकले असते, ते परत मिळवायला त्यांनी सकाळपासून दीड तासाचा प्रवास केला होता. नव्या सुनेने विचारलं की हे काय आहे. आणि मग त्या अनोळखी पोरीसमोर त्यांनी सगळं सांगून टाकलं. तिजोरी, मास्तर, बारसं, पंधरा चुका, आणि आतला आईचा आवाज.

परतीच्या बसमध्ये प्रमिलाबाईंनी तिकिटं रुमालात बांधली. मग म्हणाल्या, "उद्या इखारायच्या घरी जा."

लक्ष्मणराव म्हणाले की ते शक्य नाही, मास्तर त्यांना उंबरा चढू देणार नाहीत.

"आकड्यासाठी नोका जाऊ. पोरीच्या बारशासाठी जा. बाकीचं मंग पाहू."

जरा वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. स्मृतिदिनाची पत्रिका लक्ष्मणरावांनी आठ दिवसांपूर्वी गटावर टाकली होती. वसाहतीत एकानेही ती उघडली नव्हती. अध्यक्षांनीच शिकवलं होतं. उलट चौघींनी प्रमिलाबाईंना थांबवून विचारलं होतं की थूल साहेबांचा फोन चोरांनी घेतला का.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्मृतिदिनाच्या आदल्या सकाळी, लक्ष्मणराव शेजारी गेले. पुंडलिकराव ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. लक्ष्मणरावांनी खिशातून माफीचा मसुदा काढून दिला. गटावर टाकण्यापूर्वी दाखवावा म्हणून आणला होता. त्यात लिहिलं होतं की अमुक तारखेच्या संदेशाच्या अनुषंगाने काही सदस्यांचा गैरसमज झालेला असल्यास त्याबद्दल खेद आहे. मास्तरांनी खिशातलं लाल पेन काढलं, 'काही सदस्यांचा' याखाली रेघ मारली आणि विचारलं, "गैरसमज कोनाचा झालता? लोकायचा का तुमचा?"

लक्ष्मणरावांनी तिथेच बसून दुसरा लिहिला. त्यात 'नजरचुकीने' असा शब्द आला. मास्तरांनी त्यालाही रेघ मारली. वयाच्या पासष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या ओट्यावर बसून लाल रेघा खाताना लक्ष्मणरावांचे कान तापले होते. तिसऱ्यांदा त्यांनी कागद बाजूला ठेवला, फोन काढला आणि सरळ गटावर लिहिलं की बारशाची पत्रिका खरी होती, चूक माझी होती, मी भिंतीवरून विचारायला हवं होतं. खाली पूर्ण नाव. मास्तरांनी चष्मा वर करून ते वाचलं. त्यात सुधारायला काही नव्हतं.

"मास्तर, आता आकडे टाका," लक्ष्मणराव म्हणाले. "उद्या मायचा दिवस हाय."

पुंडलिकरावांनी फोन हातात घेतला. मग तो मांडीवर ठेवला. पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली. लक्ष्मणरावांना वाटलं, अजून राग गेला नाही. पण तो राग नव्हता.

"मले याद नाई," मास्तर म्हणाले. "तिसऱ्याच दिवशी इसरलो. पस्तीस साल पोरायचे पाढे पाठ करून घेतले, आन् आपलेच चार आकडे इसरलो. तुमाले कसं सांगू? मंग ते बारशाचं झालं. म्हनलं, बरं झालं, आता बोलाचंच काम नाई."

दोन महिने एक जण शाल सांभाळत होता आणि एक जण पाढे, आणि मधल्या मध्ये आनंदाबाई आत कोंडल्या गेल्या होत्या. मास्तरांनी तरी तीन अंदाज केले. नातीचा जन्मदिवस, लग्नाची तारीख, आणि एक नुसताच हाताला आला तो. तिन्ही चुकले. आता एकच उरला. मास्तरांचं बोट पुन्हा काचेकडे गेलं तेव्हा लक्ष्मणरावांनी ते धरलं आणि बाजूला केलं. राहू द्या, ते म्हणाले. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि या वेळी आपल्याच हाताने.

तेवढ्यात आतून गाणं ऐकू आलं.

निंदणाचं गाणं होतं. आवाज जरा घोगरा, मधे शेंग सोलल्याची टिचकी. लक्ष्मणराव ओट्यावरून उठले आणि चपला न काढता तसेच लोकांच्या स्वयंपाकघरात शिरले. रुख्मिणीबाई भाकरी थापत होत्या. पिठाच्या डब्याला टेकवून फोन ठेवला होता आणि त्यातून आनंदाबाई गात होत्या.

रुख्मिणीबाईंना यात काही विशेष वाटलं नाही. "म्या त रोज लावते सैपाकाच्या टायमाले," त्या म्हणाल्या. "प्रमिलाबाईनं देल्लतं उन्हाळ्यात. तुमी कूलरपाशी झोपून राह्यले होते, तुमचा अंगठा लावला आन् काढलं. तुमी रविवारी तपासता म्हनून तिनं आपल्या फोनातलं पुसून टाकलं, म्हने तुह्यापाशी राहू दे."

म्हणजे दूध गॅसवर नव्हतं ते यासाठी. लक्ष्मणरावांना संताप यायला हवा होता. चोरी झाली होती, घरच्याच माणसाने केली होती आणि माल शेजारी सापडला होता. ते संतापाची वाट पाहत उभे राहिले, पण तो येईना. आईने एक गाणं संपवलं, रुख्मिणीबाईंचीच एक जुनी चहाडी केली, रुख्मिणीबाई त्यावर नेहमीप्रमाणे हसल्या आणि पुढची भाकरी तव्यावर पडली. लक्ष्मणराव पाटावर बसले. सतरा मिनिटं ते त्या पाटावरून हलले नाहीत.

शेवटचं अर्धं मिनिट त्यांना आठवतच नव्हतं. गाणी संपल्यावर आनंदाबाईंनी विचारलं होतं, "झालं का रे? आता हे कोनाले आयकू येईन?" आणि फोनमधून लक्ष्मणरावांचा स्वतःचा, चार वर्षांपूर्वीचा, मोकळा आवाज आला.

"सगळ्यायले येईन, माय."

रुख्मिणीबाईंनी पिठाचा हात पुसून फोन बंद केला. पुंडलिकराव दारात उभे होते. मग लक्ष्मणरावांनी डोळे पुसले आणि ते माझ्या फोनवर पाठवा म्हणाले. रुख्मिणीबाईंनी पाठवून पाहिलं. जाईना. त्यांचा नंबर लक्ष्मणरावांनी बंद केलेला होता आणि तो परत सुरू कसा करायचा हे अध्यक्षांना माहीत नव्हतं.

उरलेला दिवस दोघं म्हातारे घरोघर फिरले. फोनवरची पत्रिका कोणी उघडत नव्हतं म्हणून तोंडी निमंत्रण. प्रत्येक दारात लक्ष्मणराव स्मृतिदिनाचं सांगत आणि मग बारशाबद्दल माफी मागत, आणि पुंडलिकराव बाजूला उभं राहून ती नीट मागितली जाते की नाही ते ऐकत. रविवारी अंगण भरून माणसं आली. भंतेजींची वंदना झाल्यावर रुख्मिणीबाईंचा फोन स्पीकरला लावला. अपेक्षा आजीच्या फोटोपाशी बसून रडली आणि हसली, आणि सगळ्यांत शेवटी बापाचा आवाज अंगणभर घुमला तेव्हा तिने बापाकडे पाहिलं. लक्ष्मणराव त्या वेळी खुर्च्या मोजत होते. नंतर बायकांनी आचलला मांडीवर घेतलं, चौघींनी म्हणायचं राहिलेलं गाणं वीस जणींनी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात कचेरीचं उत्तर आलं. सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. लक्ष्मणरावांनी ते फायलीला लावलं. तिजोरी अजून बंदच आहे आणि तिचा एक प्रयत्न शिल्लक आहे.

रविवारी दहा वाजता ते सवयीने वही आणि चष्मा घेऊन बसले. प्रमिलाबाई समोर आल्या, पण त्यांनी आपला फोन पुढे केला नाही. नुसता हात पुढे केला.

"तुमचा द्या," त्या म्हणाल्या. "आदी रुख्मिणीचा नंबर चालू करून देते."

लक्ष्मणरावांनी फोन दिला. मग फाटकाचं कुलूप ओढून पाहायला म्हणून उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले.